पसाभर ज्वारीचं लेकरू

सरकारी कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव 'समुपदेशक' असं होतं. माझ्या आईला तो शब्द शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. शेजारणीनं विचारलं की ती सांगायची, "आमची ही मोठ्या दवाखान्यात बोलायला असते." पहिली काही वर्षं मला त्याचा राग यायचा. नंतर वाटायला लागलं, की माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आमच्या वरिष्ठांनाही कधी जमलं नाही. सुई टोचणारे वेगळे होते, औषध देणारे वेगळे होते, मी बोलायला होते. कंत्राटी माणूस तसा निवृत्तही होत नाही, एके वर्षी त्याचा करार पुढे होत नाही एवढंच. माझा होईनासा झाला त्यालाही आता बरेच दिवस झाले. संपादकांचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण दिवाळी अंक आहे, फार रडवू नका." बघते म्हटलं. माझ्या कामाची माहिती असूनही त्यांनी फोन केला, हा त्यांचा दोष.

माझी खोली एक्स-रे आणि भांडारखोली यांच्या मध्ये होती. तिच्यावर पाटी नव्हती. एचआयव्ही असं लिहिलेल्या पाटीखाली रांग लावून कोण उभं राहणार? शिपाई लोकांना सांगायचा, "त्या चष्मेवाल्या म्याडमकडं जा." काम साधं होतं. रक्त तपासण्याआधी माणसाशी बोलायचं, कशासाठी तपासतोय ते सांगायचं, तो हो म्हणाला तरच तपासायचं, आणि निकाल आला की पुन्हा बोलायचं. निकाल ज्याचा त्यालाच, तोही दार लावून. बाळंतपणासाठी नाव घालायला आलेल्या सगळ्या बायका आधी माझ्याकडे पाठवल्या जात. त्यांच्या सासवांना दाराबाहेर बसवणं हे माझ्या कामातलं निम्मं कष्टाचं काम होतं.

माणसंही एकेक यायची. वैजापूरच्या बाजारातला एक अडत्या दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला यायचा आणि दर वेळी वेगळं नाव सांगायचा. निकाल घ्यायला आला की मागच्या वेळी कोणतं नाव सांगितलं होतं तेच त्याला आठवायचं नाही. दारात उभा राहून तो एकेक नाव आठवून बघायचा आणि मी मान हलवत राहायचे. दर वेळी निकाल चांगला यायचा, आणि दर वेळी त्याचा त्यावर विश्वास बसायचा नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, तुम्हाला आजार नाही, धास्ती आहे. तिची तपासणी आमच्याकडे होत नाही." तरी तीन महिन्यांनी हजर.

पण मला लिहायचंय ते शेवंताबद्दल. नाव बदललंय, तिला विचारून. "लिवा की," म्हणाली, "पर नाव चांगलं ठिवा." मी तीन-चार सांगितली, त्यातलं तिनं हे निवडलं.

ते दुष्काळाचे दिवस होते. पाऊस एकामागून एक वर्षं हुकत होता आणि शहर मात्र चहूबाजूंनी फुगत होतं. शेंद्र्याकडे कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या, आणि त्या उभ्या करायला भोवतालच्या तालुक्यांतली माणसं सिमेंटच्या पाट्या उचलत होती. शेवंताचा नवरा, बापू, त्यातलाच. कन्नड तालुक्यातलं मेंढरं राखणारं घर. भाऊ आणि आई मेंढरांमागे, आणि बापू-शेवंता शेंद्र्याजवळ पत्र्याच्या खोलीत. शेवंता पहिलटकरीण होती, पाचवा महिना. तिची तपासणी पॉझिटिव्ह आली. मग बापूला बोलावलं, त्याचीही तशीच आली.

आमच्या फॉर्मवर 'संसर्गाचं कारण' असा एक रकाना होता आणि त्यात चार-पाच चौकटी होत्या. बाहेर संबंध, नशेची सुई, रक्त घेतलं, वगैरे. बापूनं एकाही चौकटीत बसायला नकार दिला.

"म्या बाहेरचं कायबी केलं नाय म्याडम. देवाची आन."

"कधी रक्त चढवलं होतं?"

"चढवलं नाय. दिलं. लई बारी दिलं."

"देऊन काही होत नसतं, बापू."

"मंग मला ठावं नाय," असं म्हणून तो खाली बघत बसला.

मला वाटलं, गडी चलाख आहे, बायकोपुढे सोवळा राहायला बघतोय. मी 'बाहेर संबंध' या चौकटीत खूण केली. रक्तदानाची पोस्टरं माझ्याच भिंतीवर होती, देणाऱ्याला धोका नसतो हे मी दिवसातून दहा वेळा सांगत होते, मग याचं कसं ऐकू?

महिन्याभरात दुसरा एक माणूस तेच सांगत आला. मग तिसरा. हे एकमेकांना ओळखत नव्हते, पण तिघांनी सांगितलेली गल्ली एक, लोखंडी खाटा त्याच आणि शब्दही एकच, 'पिवळं पानी'. माझ्या डोक्यात काही शिरेना. बाळंतपणाच्या वॉर्डात पठाण सिस्टर होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "पिवला पानी बोले तो प्लाझ्मा, बाई. वो धंदा चलता था ना पयले. लाल वापस डालते थे, पिवला रख लेते थे."

तर झालं होतं ते असं. त्याच्या आधीच्या दुष्काळात ही पोरं अठरा-वीस वर्षांची होती आणि कामाच्या शोधात शहरात आलेली. कुठल्याशा खाजगी जागेत त्यांचं रक्त काढायचे, यंत्रात फिरवून त्यातला पिवळा भाग वेगळा करायचे आणि तो औषधाच्या कारखान्यांना विकायचे. उरलेलं लाल रक्त परत त्या माणसाच्या अंगात सोडायचे. तुझं तुला परत दिलं, आता अशक्तपणा कशाचा, असं सांगायचे. म्हणून मग माणूस आठवड्यातून दोनदासुद्धा येऊ शकायचा. नळ्या आणि सुया मात्र एकाच्या दुसऱ्याला, कधी घाईत एकाचं लाल दुसऱ्याच्या अंगात. ही माणसं देता देता घेतही होती, आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रक्त विकण्यावर बंदी आली तेव्हा ती जागा बंद झाली. मी शोधत गेले तेव्हा तिथं मोबाइलचं दुकान होतं.

इथं थांबून एक सांगते, नाहीतर माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. आज रक्तदानात सुई नवी असते, पिशवी नवी असते, घेतलेलं सरळ पिशवीत जातं, देणाऱ्याला काही होत नाही. हा लेख वाचून कोणी रक्त द्यायचं थांबवणार असेल, तर त्यानं अंक इथंच मिटावा आणि आधी जाऊन रक्त देऊन यावं.

मी बापूचा फॉर्म पुन्हा काढला, खूण खोडली आणि समासात हातानं लिहिलं, 'रक्त दिलं'. तो आला तेव्हा त्याची माफी मागितली. माझ्यासारख्या तोऱ्याच्या बाईला ते जड गेलं, पण मागितली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. शेवंताला तेवढं सांगा. ती इस्वास ठिवती माझ्यावर, पर तुम्ही सांगितलं तर पक्कं बसंल." मी तिला बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं होतं. ह्यांना खोटं बोलाया येतच नाय."

आता बाळाचा प्रश्न होता. आईला हा विषाणू असला म्हणजे बाळाला होतोच असं नाही, हे शिकलेल्या लोकांनासुद्धा माहीत नसतं. काहीच केलं नाही तरी बऱ्याच बाळांना होत नाही. ज्यांना होतो त्यांना तो तीन वाटांनी जातो, पोटात असताना, जन्मताना आणि अंगावरच्या दुधातून. त्या काळी आमच्याकडे एक गोळी होती. कळा सुरू झाल्या की आईनं ती घ्यायची, आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला सिरपचे थेंब द्यायचे. त्यानं धोका बराच कमी व्हायचा. राहायचं दूध. एक तर सहा महिने फक्त आईचं, दुसरं काही नाही, पाण्याचा थेंब नाही. नाहीतर मग पहिल्या दिवसापासून फक्त वरचं. दोन्ही मिसळलं तर सगळ्यात वाईट. ही निवड आईनं करायची आणि आम्ही फक्त माहिती द्यायची, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. वरचं दूध निवडलं तर पाणी स्वच्छ आहे का, दूध पुरेल का, सरपण आहे का, भांडी उकळता येतील का, असे प्रश्न विचारून खुणा करायच्या.

मी शेवंताला प्रश्न विचारले. दूध आहे का? "हाय, घरच्या शेळ्या हायेत." पाणी? "हाय, टँकर येतो." सरपण? "हाय." ती सगळ्याला हो म्हणाली. तिच्या माहेरी मेंढरांबरोबर पाच-सहा शेळ्या होत्या आणि बाळंतपण माहेरीच होणार होतं. मला हायसं वाटलं. माझ्याकडे येणाऱ्या बाकीच्या बायकांना दुधाच्या डब्याची किंमत ऐकून घाम फुटायचा, आणि इथं धनगराच्या घरात दुधाला काय तोटा? माहिती द्यायची सोडून मी सल्ला दिला. "वरचंच दे शेवंता. दुधाची वाटच बंद करून टाकू." शेळीलाही प्यायला पाणी लागतं, हे दुष्काळी जिल्ह्यात जन्मून मला सुचलं नाही.

आणखीही एक शिकवलं. अंगावर का पाजत नाहीस असं माहेरच्या बायका विचारणार, तेव्हा काय सांगायचं ते. "दुधाला गाठ झालीय, डॉक्टरांनी मना केलंय, असं सांग." ती दोन-तीनदा माझ्यासमोर म्हणून दाखवून गेली. छातीला फडकं कसं बांधायचं तेही दाखवलं.

मुलगी झाली. शेवंतानं गोळी वेळेवर घेतली. दुसऱ्याच दिवशी बापू बाळाला जीपमध्ये घालून सिरपसाठी घेऊन आला, सोबत त्याची सासू. टोपडं घातलेलं, मुठी आवळलेलं लेकरू होतं. मी रजिस्टरात लिहिलं, 'शेवंताची मुलगी', आणि पुढे दीड वर्षानंतरची तारीख घातली. दीड वर्ष अशासाठी, की तोवर बाळाच्या रक्तात आईचंच काहीबाही फिरत असतं आणि आमची साधी तपासणी त्यालाच फसते. बाळ निरोगी असलं तरी पॉझिटिव्ह दाखवते. तेवढा काळ थांबण्यावाचून आमच्या हातात तेव्हा काही नव्हतं.

ती तारीख आलीच नाही. उन्हाळ्यात शेळ्या आटल्या. दुधात पाणी पडायला लागलं. पाणी टँकरचं, पाच दिवसांनी येणारं, उन्हात पिंपात साठवलेलं. मुलीला हगवण लागली. तालुक्याला नेईपर्यंत ती गेली. तीन महिन्यांची होती.

मला हे सांगायला शेवंता स्वतः आली. रांगेत बसली, नंबर आल्यावर आत आली, जेवढ्यास तेवढं सांगितलं. "तुमच्या वहीत तारीख हाय म्हनून सांगाया आले. न्हायतर तुम्ही वाट बघाल." डोळ्यांत टिपूस नव्हता. मी तिला काय म्हणाले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरं आहे. ती गेल्यावर मी रजिस्टर उघडलं आणि रेघ मारली. प्रश्नांच्या कागदावर मी केलेल्या खुणा तशाच होत्या, सगळ्या 'हो'च्या. त्या बाईनं दुष्काळ पाहणीला आलेल्या साहेबापासून माझ्यापर्यंत खुर्चीवरच्या प्रत्येकाला हो म्हटलं होतं. तिच्या गावाला टँकर कितव्या दिवशी येतो, एवढं एक मी विचारलं असतं तर पुरे होतं. मग मी प्रत्येकीला ते विचारायला लागले, पण ते नंतर.

दोन वर्षांनी शेवंता पुन्हा आली, सातवा महिना. या वेळी सासू बरोबर होती. कोंडाबाई. उंच, काळी, पायांत वहाणा पुरुषी, हातात चांदीची जाड पाटली. मी कोंडाबाईंना बाहेर बसायला सांगितलं, त्या मुकाट बसल्या. सासवांच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

मी शेवंताला दोन्ही वाटा सांगितल्या. या वेळी मी इतकी घाबरलेले होते, की मला धड एक बाजूही घेता येईना. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मागल्या बारीला तुम्ही सांगितलं, म्या ऐकलं. औंदा म्या सांगते, तुम्ही ऐका. अंगावरच पाजनार. दुसरं कायबी नाय. आमच्यात कोकराला बी येगळं येगळं दूध पाजत नायती, पोट फुगतंय."

"धोका आहे, शेवंता."

"ठावं हाय. पर माझ्या अंगात पानी नसंल तरी दूध ऱ्हातंय. टँकर न्हाय आला तरी ऱ्हातंय."

बाळंतपण मात्र माहेरी नको, इथंच कर, एवढं मी पायाशी लोळण घेतल्यासारखं विनवलं, आणि ते तिनं ऐकलं.

मुलगा झाला. गोळी, सिरप, सगळं पठाण सिस्टरांनी स्वतः दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वॉर्डात बोलावणं पाठवलं. जाऊन बघते तर कोंडाबाई खाटेजवळ उभ्या. मला खाटेवर बसवलं आणि काही कळायच्या आत लेकरू माझ्या ओटीत टाकलं. मग पदराची गाठ सोडून ओंजळभर ज्वारी माझ्या हातात ओतली आणि स्वतःचा पदर पसरून म्हणाल्या, "आता द्या ती मला."

"म्हणजे काय, मावशी?"

"हे लेकरू म्या तुम्हाला इकलं. पसाभर जवारीला. पहिलं ऱ्हायलं नाय ना आमच्या घरात. आता हे आमचं न्हाय, तुमचं. न्यायाला आला कोनी, तर आमच्याकडं त्याला गावायचं न्हाय."

मूल जगत नसलं की पुढचं दुसऱ्या बाईला असं विकायचं, आणि मोठं झालं की परत विकत घ्यायचं, ही रीत मी ऐकून होते. पण गिऱ्हाइकानं द्यायची किंमतही विकणारीनंच घरून बांधून आणलेली पहिल्यांदा पाहिली. रुग्णाशी नातं जोडायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. मी तो सांगायला तोंड उघडलं, तर पठाण सिस्टर पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "अब क्या बोलते बाई, बैठे बैठे अम्मा बन गए ना तुम!" मी ज्वारी कोंडाबाईंच्या पदरात टाकली. ज्या बाईचं पहिलं लेकरू माझ्या सल्ल्यानं गेलं, तिचं दुसरं मला विकत मिळालं होतं.

कोंडाबाई निघताना दारात थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मला समदं ठावं हाय. बापू रगत देऊन पैसं आनायचा तवा त्याच्यावरच आमची मेंढरं जगली. म्याच घेतलं ते पैसं. चारा घेतला." एवढं बोलून त्या गेल्या. मी तीन महिने त्या बाईला दाराबाहेर बसवत होते.

त्या उन्हाळ्यात शेंद्र्याचं काम थांबलं आणि सगळं घर मेंढरांमागे गोदावरीच्या अंगाला उतरलं. आमच्या भाषेत याला पेशंट हातचा जाणं म्हणतात. उन्हात, पालात, भोवती दहा बायका. तान्ह्याला पाणी पाजा, घुटी द्या, मधाचं बोट लावा, असं प्रत्येक जण सांगणार. माझ्या अनुभवात बायका या दुधाच्या बाबतीत हरायच्या त्या इथंच. नवऱ्यापुढे, आजारापुढे टिकायच्या, पण आत्याबाईच्या बोटावरच्या मधापुढे हरायच्या. त्यांना द्यायला मी कितीतरी खोटी कारणं शिकवून ठेवली होती, एकही फार काळ टिकायचं नाही.

पावसाळ्यानंतर बापू निरोप घेऊन आला तेव्हा कळलं, की मी शिकवलेल्या एकाही कारणाची त्यांना गरज पडली नव्हती. कोणी घुटीचं बोट पुढे केलं की कोंडाबाई काठी आपटायच्या. "हात लावू नका. शहरातल्या बाईंचं लेकरू हाय, आमच्याकडं राखाया दिलंय. आईच्या दुधाबिगर कायबी द्याचं नाय, आसं त्यांनी बजावलंय." दुसऱ्याच्या वस्तूला कोण हात लावणार? तळावरच्या सगळ्यांनी मान्य केलं. सहा महिने त्या पोरानं आईच्या दुधाशिवाय काही चाखलं नाही. सहा महिने झाले आणि शेवंतानं ठरल्याप्रमाणे अंगावरचं तोडलं. तोवर पाऊस झाला होता, शेळ्या दुधाला आल्या होत्या. प्रशिक्षणांमध्ये मी ही गोष्ट अनेकदा सांगितली. पाहुणे टिपून घ्यायचे आणि मग विचारायचे, ही पद्धत सगळीकडे राबवता येईल का? मी म्हणायचे, कोंडाबाई मिळाल्या तर.

जावळाच्या वेळी त्यांनी पोरगं माझ्याकडून रीतसर परत घेतलं. पण त्याआधी तपासणी होती.

दीड वर्ष पुरं झालं त्या आठवड्यात तिघं आणि पोरगं हजर. पोरगं चालत होतं, माझ्या टेबलाखाली जाऊन बसत होतं. रक्त काढलं तेव्हा त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला. निकालाला दोन तास होते. प्रयोगशाळेतून कागद पाकिटात येतो आणि आम्ही तो आईसमोर उघडतो. पण शेवंता म्हणाली, "आधी तुम्ही बघा. अजून तुमच्याच नावावर हाय ते."

माझी पद्धत तशी नव्हती, तरी दोन तासांनी मी उठले आणि प्रयोगशाळेपर्यंत चालत गेले. या कॉरिडॉरमधून मी हजार वेळा गेले असेन. दुसऱ्याच्या नशिबाचा कागद हातात असतो, आपण चेहरा सारखा करतो आणि चालतो. त्या दिवशी मला चेहरा सारखा करता येईना. भिंतीला टेकून मी पाकीट फोडलं. निगेटिव्ह. मी तो शब्द तीन वेळा वाचला, नाव तपासलं, नंबर तपासला, वय तपासलं. मग तिथंच, शिपायाच्या स्टुलावर बसून रडले. उगाच खोटं कशाला सांगू, चांगली मोठ्यानं रडले.

तोंड धुऊन खोलीत आले. बापू आणि कोंडाबाई पोराला घेऊन बाहेर बाकावर होते, दार लावलं आणि शेवंताला सांगितलं. "नाही झाला. पोरगं साफ आहे."

ती कागद हातात घेऊन बघत राहिली, तिला वाचता येत नव्हतं तरी. मला वाटलं आता हसेल, देवाला हात जोडेल. तिनं मान वर केली.

"म्याडम, थोरलीची तपासनी झाली असती, तर ती बी आशीच निघाली असती का?"

तिला खोटं बोलायला शिकवणारी बाई मीच. गाठीचं खोटं, डॉक्टरांचं खोटं. त्या क्षणी एखादं सोपं खोटं मलाही सुचायला हरकत नव्हती. ते माझ्या जिभेवर आलंही होतं, काय सांगता येतं शेवंता, देवाला ठाऊक, असलं काहीतरी. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते जमलं नाही.

"बहुतेक हो," मी म्हणाले. "तिला गोळी मिळाली होती, सिरप मिळालं होतं. ती बहुतेक चांगलीच होती. ती पाण्यानं गेली, शेवंता. वरचं दूध दे असं मी सांगितलं, टँकरचं विचारलं नाही. माझं चुकलं."

"पान्याचं मला बी ठावं होतं. म्याच बोलले नाय तुम्हाला." मग म्हणाली, "मला वाटायचं, तिला बी आमचंच दुखनं असनार. गेली ती सुटली. मोठी होऊन हाल झालं असतं. म्हनून म्या रडलेच नाय तिच्यासाठी. एकदा बी नाय."

आणि ती खुर्चीवरून घसरून खाली फरशीवर बसली आणि तिनं हंबरडा फोडला. तो आवाज ऐकून बापू दार ढकलून आत आला, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"चांगला आहे," मी घाईनं म्हटलं. "बापू, निकाल चांगला आहे. पोराला काही नाही."

"मंग ही रडती कशापायी?"

शेवंताच म्हणाली, "थोरलीसाठी."

बापू उभाच राहिला. मग डोक्यावरचा रुमाल काढून तोंडाला लावला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसला. मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि रांगेतल्या बायकांना सांगितलं, की आज थोडा उशीर होईल, बसा.